सुभेदारांचा सर्व्हर

सुभेदारांकडे काहीही मागितलं की पहिलं उत्तर 'न्हाई' असायचं. मागणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते यायचं. मग खुर्ची फिरवून ते माणसाकडे नीट बघायचे आणि तीन प्रश्न विचारायचे, नेहमी त्याच क्रमानं. "कशाला पायजे? किती दिस पायजे? आन एवढंच पायजे का आजून काय?" तिन्ही उत्तरं पटली तर मागितलेली गोष्ट पाच मिनिटांत मिळायची. पण माणसाच्या कानात राहायचा तो पहिला शब्दच. कॉलेजात त्यांच्याविषयी जे जे वाईट बोललं जायचं, ते सगळं त्या एका शब्दामुळे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. सांगलीबाहेर उसाच्या रानात नवं नवं उभं राहिलेलं एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. मी साताऱ्याची, पंचवीस वर्षांची होते आणि तिथं प्रोग्रॅमर म्हणून लागले होते. सुभेदार माण तालुक्यातले, दहिवडीच्याही पलीकडच्या एका गावचे. गावातले बरोबरीचे लोक मुंबई गाठत होते तेव्हा हे पलटणीत गेले, संदेशवहनाच्या सिग्नल विभागात बावीस वर्षं काढली आणि नायब सुभेदार होऊन परतले. कॉम्प्युटर त्यांना लष्करानं शिकवला. कॉलेजात पदव्यांच्या माळा लावलेले प्राध्यापक होते, पण सर्व्हर बंद पडला की सगळ्यांचे पाय सुभेदारांच्या खोलीकडे वळायचे. तो चालू झाला की तेच लोक स्टाफरूममध्ये त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचे. मीही हसले आहे त्यात. लपवण्यात अर्थ नाही.

त्या एकाच सर्व्हरवर सगळं होतं. मुलांची प्रॅक्टिकलची खाती, प्राध्यापकांच्या फायली आणि मी लिहिलेला गुणांचा प्रोग्रॅम. आपापल्या विभागातल्या कॉम्प्युटरवर वेबपान उघडून प्राध्यापकांनी अंतर्गत गुण भरायचे आणि त्यातून विद्यापीठाला पाठवायची यादी तयार व्हायची, असं ते काम. तेव्हा आसपासच्या कुठल्या कॉलेजात असं काही नव्हतं. प्राचार्य येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते पान दाखवायचे. दाखवताना ते माझं नाव घ्यायचे. सुभेदारांचं कधी घेतलेलं मला आठवत नाही.

पहिल्यांदा तो प्रोग्रॅम चढवला तेव्हा पानावर फक्त चूक उमटली, 'सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड'. दिवसभर डोकं फोडून मी सुभेदारांकडे गेले आणि म्हटलं, "सगळ्या फायलींना सगळ्या परवानग्या देऊन टाका ना एकदा, चालू तर होऊ दे."

"न्हाई," सुभेदार म्हणाले. मग खुर्ची फिरवली. "लॉग वाचला का?"

मी वाचला नव्हता. सर्व्हर आपल्या प्रत्येक कामाची आणि प्रत्येक नकाराची ओळ जिथं लिहून ठेवतो, ती फाईल त्यांनी माझ्यासमोर उघडली. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की अमुक फाईल चालवायला परवानगी नाही. "आवं ताई, यंत्र खोटं बोलत न्हाई. ते सांगतंय कुठं अडलंय. आपुन वाचत न्हाई." मग त्यांनी समजावलं. वेबपानावरून जो कुणी येतो, तो सर्व्हरच्या लेखी परका माणूस. त्याच्या नावानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. ही फाईल चालवायची मुभा, त्या एका फोल्डरात लिहायची मुभा, बस. बाकी सगळीकडं दार बंद. त्यांनी एक छोटी आज्ञा टाइप केली आणि पान उघडलं.

"सगळं मोकळं सोडलं आसतं तरी चाललंच आसतं," ते म्हणाले. "पर मग चूक कुठं व्हती ते तुमाला कवाच कळलं नसतं."

मी मान डोलावली. मला वाटलं, कळलं.

त्यांची एक वही होती, लांबट, लाल पुठ्ठ्याची. सर्व्हरवर कुठल्याही फाईलची परवानगी बदलली की तीत ओळ पडायची. तारीख, वेळ, काय बदललं, कुणासाठी, कधी परत घेतलं. अक्षर शाळकरी, वळणदार. मी कधी घाईत असले की म्हणायचे, "आधी लिवू द्या. हात मोडला तर उद्या काय सांगनार?" वर्षभरात मी ती वही कुणी दुसऱ्यानं उघडून बघितलेली पाहिली नाही. उघडली गेली ती एकदाच, आणि तीही त्यांच्याच विरुद्ध.

वरिष्ठांना त्यांचा राग होता त्याचं कारण 'लिवून द्या' हे होतं. संस्थेच्या एका विश्वस्तांना परीक्षा विभागाचं फोल्डर आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून बघायचं होतं. प्राचार्य स्वतः खोलीत आले. सुभेदार उभे राहिले, पाय जुळवले आणि म्हणाले, "देतो सायेब. लिवून द्या." प्राचार्य हसले. म्हणाले, "अहो, घरचीच माणसं आहेत." सुभेदार म्हणाले, "व्हय सायेब. घरच्यांनी पन लिवून द्यावं." प्राचार्य तसेच हसत निघून गेले. लेखी काही आलं नाही, परवानगीही मिळाली नाही. त्या हसण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

डिसेंबरात सुभेदारांच्या पत्नीचं ऑपरेशन ठरलं, मिरजेच्या एका दवाखान्यात. पोटात गाठ होती. त्यांनी चार दिवसांची रजा टाकली आणि जाण्याआधी मला खोलीत बोलावून एक गोष्ट केली, जी त्यांनी आयुष्यात कधी केली नसावी. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मला सांगितला. कागदावर दिला नाही. तोंडी सांगितला आणि माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला.

"लागलाच तर," ते म्हणाले. "आन लागला तर वहीत लिवा."

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, नव्या सत्राचे गुण भरायला प्राध्यापक बसले आणि प्रत्येक पानावर तीच चूक आली. अंतर्गत बिघाड. यादी विद्यापीठाला शनिवारी पोचायला हवी होती. साडेअकराला प्राचार्य माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि तिथून हललेच नाहीत. मी लॉग उघडला. लिहायला परवानगी नाही, एवढं दिसत होतं. पण कुठल्या फोल्डराची, का, हे शोधायला डोकं थंड लागतं, आणि माझ्या मानेवर प्राचार्यांचा श्वास होता.

"सुभेदारांना मिरजेला जाऊन विचारून येऊ का?" मी म्हटलं. "तासाभराचा रस्ता आहे."

"त्यांना विचारलं तर काय म्हणतील ते मला माहीत आहे," प्राचार्य म्हणाले. "पासवर्ड आहे ना तुमच्याकडे? मग सगळं उघडा आणि विषय संपवा."

मी उघडलं. एका ओळीची आज्ञा असते ती. सर्व्हरवरच्या झाडून सगळ्या फायली झाडून सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला खुल्या. पान लगेच सुरू झालं. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या. प्राचार्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बघा, एवढंसं काम असतं. उगीच माणसं त्याचं देऊळ करून ठेवतात." मला ते वाक्य आवडलं. इतकं आवडलं की मी संध्याकाळी साताऱ्याच्या गाडीत बसल्यावर आईला सांगण्यासाठी ते मनात घोळवत होते. वहीत काही लिहिलं नाही. सोमवारी आल्यावर सगळं पूर्ववत करू, असं ठरवलं होतं.

नंतर शांतपणे शोधलं तेव्हा चूक सापडली. नव्या सत्राचं फोल्डर मी माझ्या नावानं बनवलं होतं, त्यामुळे प्रोग्रॅमला तिथं लिहिता येत नव्हतं. एका फोल्डराचा मालक बदलायचा होता. चूक माझीच होती आणि अर्ध्या मिनिटाची होती.

सोमवारी मी पोचले तेव्हा सुभेदार आधीच येऊन बसले होते. रजा एक दिवस बाकी होती तरी आले होते. पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, मुलगी मंगल सोबतीला होती. सर्व्हरवर बघितलं तर सगळ्या परवानग्या जागच्या जागी. मला वाटलं, मशीन पुन्हा चालू केल्यावर आपोआप झालं असेल. इतकं सोयीस्कर मी स्वतःला समजावलं.

"मी नव्हतो तवा काय झालं का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं ठीक."

 ते खुर्ची फिरवून कामाला लागले. पुढचे तीन-चार दिवस ते रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या टेबलाशी यायचे आणि न बोलता परत जायचे. मला वाटलं, बायकोच्या काळजीत आहेत.

दोन महिन्यांनी पद्मजा माझ्याकडे आली. आष्ट्याच्या शेतकरी जैन कुटुंबातली मुलगी, शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिली. हातात तिची प्रॅक्टिकलची जर्नल होती. त्यावर सरांच्या सहीनं बावीस गुण होते. विद्यापीठाच्या यादीत अठरा आले होते. "मॅडम, हे चार गुण कुठं गेले?" एवढंच तिनं विचारलं. त्या चार गुणांमुळे ती दुसरी झाली होती. पुण्याच्या एका कंपनीनं आमच्या कॉलेजातून फक्त पहिल्या आलेल्याला घ्यायचं ठरवलं होतं, आणि पहिला आला होता त्या विश्वस्तांचा पुतण्या. त्याचे गुण जर्नलपेक्षा पाचनं वाढलेले होते.

कसं झालं ते मला त्या क्षणी कळलं. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ गुणांची फाईल सगळ्यांसाठी उघडी होती. प्रॅक्टिकलचं खातं असलेल्या कुठल्याही मुलानं वेबपानावरून न जाता ती थेट उघडून आकडे बदलावेत, लॉगमध्ये कुणाचं नाव उमटणार नाही. पुतण्यानं शनिवारी यादी निघण्याआधीच ते केलं आणि मुलांच्या वसतिगृहात बढाया मारत सांगितलंही. तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आमच्यापर्यंतही ते आलं होतं. चौकशी समितीनं त्याला मात्र एकदाही बोलावलं नाही.

बोलावलं सुभेदारांना. समितीत तिघं होते, प्राचार्य त्यातले एक. गुण बदलण्याच्या वेळी सर्व्हर कुणाच्या ताब्यात होता, हा त्यांचा प्रश्न. सुभेदारांना रोज सकाळी दहाला यायला सांगायचे, सभागृहाबाहेरच्या बाकावर बसवायचे आणि कधी दुपारी चारला आत घ्यायचे, कधी उद्या या म्हणायचे. असं दोन आठवडे चाललं. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि पाठ भिंतीला न टेकता बसायचे.

एका दुपारी मला साक्षीला बोलावलं. आत सुभेदार उभे होते. बसायला खुर्ची होती, पण कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. टेबलावर ती लाल वही उघडी होती. एका सदस्यांनी त्यातली ओळ मोठ्यानं वाचली. "सोमवार, सकाळी साडेसात. सर्व फायली सर्वांस खुल्या आढळल्या. बंद केल्या."

 म्हणजे त्यांनी पहिल्याच सकाळी बघितलं होतं. माझं 'सगळं ठीक' त्यांनी त्यानंतर ऐकून घेतलं होतं.

"तुम्हाला कळलं होतं, तर वर का कळवलं नाही?" सदस्यांनी विचारलं.

"कळवाय पायजे व्हतं," सुभेदार म्हणाले. "चुकलं."

"का नाही कळवलं?"

"वाट बघत व्हतो."

"कशाची?"

सुभेदारांनी उघड्या वहीची कड टेबलाशी सरळ केली.

"तुम्ही रजेवर असताना पासवर्ड आणखी कुणाकडे होता?"

"पासवर्ड माजा हाय. ड्युटी माजी हाय," सुभेदार म्हणाले. "जे झालं ते माज्या पोस्टवर झालं."

प्राचार्य समोरच्या कागदावर पेन्सिलीनं चौकोन काढत होते. चौकोनाच्या आत चौकोन. मग त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्हाला एकच विचारायचं आहे. सर्व्हरच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणाची असते?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, प्राचार्य समोर होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांचा काही उपयोग नाही. सुभेदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यात विनवणी नव्हती. लॉगमधली शेवटची ओळ वाचताना बघायचे, तसं बघितलं.

"सुभेदारांची," मी म्हटलं.

महिनाअखेर त्यांना कामावरून कमी केलं. गुण कागदोपत्री दुरुस्त झाले, पद्मजाला कुणी काही कळवलं नाही, आणि तोवर पुण्याची जागा पुतण्याला मिळून गेली होती. ती कुणी परत मागितली नाही. पद्मजा आष्ट्याला परतली. माझी नोकरी कायम झाली. सर्व्हरचा ताबा माझ्याकडे आला, त्या खोलीची किल्ली, ती खुर्ची. विश्वस्तांना परीक्षा विभागाचं फोल्डर घरून दिसू लागलं. ती परवानगी मी दिली. लेखी काही मागितलं नाही.

आठ महिन्यांनी मी नोकरी सोडली. सद्सद्विवेकबुद्धीनं वगैरे नव्हे. लग्न ठरलं होतं. सांगली सोडताना मात्र राहवेना. सुभेदार रहिमतपूरला मंगलच्या सासरी राहतात असं कळलं होतं. साताऱ्याला जाताना मी मध्येच रहिमतपूर स्टेशनावर उतरले आणि विचारत विचारत घर शोधलं.

ते ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. केस पार पांढरे झाले होते. मला बघून उठले, पाणी मागवलं. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मिरजेला यायचं टाळलं ते, शुक्रवारची ती आज्ञा, सोमवारचं खोटं आणि समितीपुढचं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर एक शेंग फोडली.

"त्या आष्ट्याच्या पोरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"तिच्याकडं गेला न्हाई?"

"नाही."

"मंग माज्याकडं कशाला आलासा?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी गडी मानूस. मला ठाव व्हतं काय झालं, कुणी केलं. त्या पोरीला ठाव न्हाई. ती समजत आसंल, आपुनच कुठं कमी पडलो." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "म्या तुमाला चार दिस दिलं, ताई. सांगशीला म्हनून. तिथं माजं चुकलं. तुमाला सांभाळाय गेलो आन ती पोर गेली."

 मी म्हटलं, मी संस्थेला लेखी कळवते, आजच कळवते. त्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा, आणि आत निघून गेले. परत बाहेर आले नाहीत.

स्टेशनपर्यंत पोचवायला मंगल आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. वाटभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. फलाटावर पोचल्यावर मी विचारलं, "आईंची तब्येत कशी आहे आता?" घरात त्या दिसल्या नव्हत्या, मला वाटलं होतं गावी असतील.

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "आई गेली की. तुमची चौकशी चालू हुती तवाच."

मला माहीत नव्हतं. कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा कुणी विचारलं नव्हतं.

"पुन्हा मिरजेला ठेवली हुती," मंगल म्हणाली. "बाबा रोज सकाळी तिला चहा पाजून तुमच्याकडं यायचं. डॉक्टर म्हनाले, आज थांबा. बाबा म्हनाले, वेळेवर हजर न्हाई झालो तर पळून गेला म्हनतील. त्या दिवशी दुपारी तिनं चारदा इचारलं, आले का म्हनून. बाबा तवा तुमच्या बाकड्यावर बसलं हुतं. त्या दिवशी त्यास्नी आत घेतलंच न्हाई. उद्या या म्हनाले."

मी तो दिवस शोधायला लागले. दोन आठवड्यांतला कुठला दिवस असेल. रोज त्या बाकासमोरून मी जा-ये करत होते. रोज मान खाली घालून.

"दुसऱ्या दिवशी?" मी कसंबसं विचारलं.

"आईला मातीला घिऊन गावाकडं निघताना मला म्हनाले, कॉलेजात चिठ्ठी देऊन ये, आज येत न्हाई म्हनून. म्या दिली शिपायाकडं."

गाडी आली. मंगलनं माझी पिशवी उचलून डब्यात दिली. मी दारात उभी राहिले, काहीतरी बोलायला म्हणून. तिनं खिडकीच्या गजाला हात लावला आणि खूप समजुतीनं, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशा सुरात म्हणाली, "पुन्यांदा येऊ नका. बाबांना तरास हुईल म्हनून न्हाई. बाबा तुमाला अजून चांगलीच म्हनतात. मला हुतो तरास."

पद्मजाकडे मी गेले, पुढच्याच आठवड्यात. आष्ट्याच्या बाजारपेठेत काकांच्या दुकानामागे ती मुलांना टायपिंग शिकवत होती. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि समोरच्या मुलीची बोटं कळांवर नीट ठेवून देत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी पहिलीच होते," आणि पुढची ओळ टाइप करायला लावली.

हे सांगायला सुभेदारांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कानावर आलं. साताऱ्याला जाताना गाडी रहिमतपूरला दोन मिनिटं थांबते. मी पुन्हा तिथं उतरले नाही.